साठ हजारांची पावडर आणि सकाळचा चहा

पत्र, थोडक्यात: ‘वय ६८, वजन ६५ किलो. बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. कर्वेनगरला आम्ही दोघंच असतो. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. साडेपाचला उठतो. थायरॉईडची ५० ची गोळी, पित्ताची पॅन्टोप्राझोल, कॅल्शियम आणि मल्टीव्हिटॅमिन, सगळं पहिल्या चहाबरोबर एकदमच उरकतो, म्हणजे विसरायला नको. सहा ते सात टेकडी. नऊला पोहे नाहीतर उपमा. साडेबाराला जेवण, एक ते चार झोप. संध्याकाळी बागेतला कट्टा, नऊला जेवण, आणि मग रात्री एक-दीडपर्यंत डोळ्याला डोळा नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ११ वर्षं चालू आहे. मुलगा अमेरिकेहून येताना व्हिटॅमिन डी ५०००, व्हिटॅमिन ई ४०० आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांची मल्टीव्हिटॅमिन घेऊन येतो. शिवाय रक्तात डी कमी आलं म्हणून डॉक्टरांनी दिलेली साठ हजार युनिट डीची पावडर दीड वर्षापासून दर रविवारी दुधातून घेतो. हल्ली तळपायांना मुंग्या येतात, पोटही साफ होत नाही. कट्ट्यावर एकाने नसांची गोळी सुचवली आहे. ती घेऊ का? आणखी कोणती व्हिटॅमिन सुरू करावीत? पत्नीही माझ्याच बाटल्यांतल्या गोळ्या घेते.’

सप्रेम नमस्कार.

आणखी काय सुरू करावं, हे तुम्ही विचारलं आहे. त्याआधी काय थांबवायचं ते सांगतो, कारण ते आजच करायचं आहे. रविवारची पावडर, डी ५००० ची बाटली आणि कॅल्शियमची गोळी, तिन्ही बाजूला ठेवा. रक्ताचा रिपोर्ट हातात येईपर्यंत यातलं काही घेऊ नका. चार-सहा दिवसांच्या खंडाने काहीही बिघडत नाही, कारण डी चरबीत साठतं आणि ते साठलेलं उतरायला महिने लागतात.

कारण समजायला एक बेरीज पुरेशी आहे. बँकेत आयुष्य गेलंय, तेव्हा पेन हातात घ्याच. साठ हजार युनिट आठवड्याला, म्हणजे दिवसाला सुमारे ८,५७०. त्यात बाटलीतले ५,०००. पन्नाशीपुढच्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये बहुधा १,००० असतात. आपल्याकडच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅल्शियमच्या गोळीतही साधारण २५० युनिट डी३ घातलेलं असतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. एकूण झाले पावणेपंधरा हजारांच्या वर, दररोज. साठीनंतरची गरज आहे ८०० युनिटांची. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा ४,००० धरतात. तुम्ही तिच्या साडेतीन पटींच्याही पुढे आहात.

हे घडतं कसं, तेही पाहा. साठ हजारांची पावडर साधारणपणे ‘आठवड्यातून एक, आठ आठवडे, नंतर महिन्यातून एक’ अशी लिहून देतात. त्या हिशेबाने दीड वर्षात तुमच्या पोटात २४ पाकिटं जायला हवी होती. गेली ७८. पहिले आठ आठवडे संपले की चिठ्ठीवरची दुसरी ओळ विसरली जाते, औषधाच्या दुकानात रिकामं पाकीट दाखवलं की नवी चार मिळतात, आणि ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून घरात कुणी विचारत नाही. डी आणि बी यांना आपण एकाच नावाने हाक मारतो खरी, पण बी गटातलं जास्तीचं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. डीला तशी वाट नाही. ते आतड्यातून कॅल्शियम ओढून घेत राहतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढत जातं. मग तहान लागते, लघवीला वारंवार जावं लागतं, भूक मरते, मळमळतं, पोट साफ होत नाही, गळून गेल्यासारखं वाटतं. फार वाढलं तर गोंधळल्यासारखं होतं आणि मूत्रपिंडाला इजा पोचते. तुमची पोटाची तक्रार याच्यामुळेच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीनेही बद्धकोष्ठ होतो, थायरॉईड कमी पडलं तरी होतो. पण तपासायला हे कारण पुरेसं आहे.

जवळच्या लॅबमध्ये २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तातलं डी), सीरम कॅल्शियम (रक्तातलं कॅल्शियम) आणि क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) या तीन तपासण्या करा. डी २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी, ३० च्या वर म्हणजे पुरेसं, १०० च्या वर गेलं तर जास्त, आणि १५० च्या पुढे विषबाधेची भीती. कॅल्शियम लॅबने छापलेल्या मर्यादेच्या वर आलं, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सगळं ठीक निघालं तर पुढे एकच मार्ग ठेवायचा: महिन्यातून एक पाकीट, जे दिवसाला साधारण २,००० युनिट पडतं, किंवा रोजची छोटी गोळी. कोणता ते डॉक्टर ठरवतील. दोन्ही एकदम नकोत.

आणखी एक. ‘वर्षाचं एकदाच सहा लाखांचं इंजेक्शन घेऊन टाका’ असा सल्ला कट्ट्यावर मिळालाच, तर तो ऐकू नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिलं होतं. २०१० साली निष्कर्ष आला तेव्हा दिसलं, की त्यांचं पडणं आणि हाड मोडणं कमी न होता उलट वाढलं होतं.

आता सकाळचा चहा. सगळ्या गोळ्या एकदम उरकण्यामागची तुमची अडचण खरी आहे, पण त्या घोळक्यात सगळ्यात नुकसान होतं ते थायरॉईडच्या गोळीचं. तिला रिकामं पोट आणि साधं पाणी लागतं. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम तिला आतड्यातच धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरेशी पोचत नाही. दुधाचा चहाही आड येतो. मग टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, वाढलेला येतो, डोस वाढवला जातो, आणि मूळ कारण कपबशीशेजारी तसंच राहतं.

तुमच्या दिनक्रमात हे सोडवणं सोपं आहे, कारण तुम्ही सहाला बाहेर पडता. साडेपाचला अर्धा पेला साध्या पाण्याबरोबर फक्त थायरॉईडची गोळी. चहा टेकडीवरून आल्यावर, सातला. पॅन्टोप्राझोल साडेआठला, म्हणजे नाश्त्याच्या अर्धा तास आधी. मल्टीव्हिटॅमिन चालू ठेवणारच असाल तर दुपारच्या जेवणाबरोबर. कॅल्शियम पुढे पुन्हा सुरू झालं, तर तेही जेवतानाच घ्यायचं, कारण कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं. थायरॉईडच्या गोळीपासून ते किमान चार तास लांब हवं, आणि साडेबारापर्यंत सात तास होतातच. ही घडी बसवल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायलाच हवा. गोळी आता पूर्ण लागू पडेल, त्यामुळे आजवरचा डोस जास्तही ठरू शकतो. मधल्या काळात छातीत धडधड, हाताला कंप किंवा वजन उतरणं जाणवलं तर आठ आठवडे थांबू नका.

तळपायांच्या मुंग्यांबद्दल मला खरी काळजी वाटते. बी-१२ कमी होण्याची चार कारणं तुमच्या पत्रातच आहेत. पहिलं, शाकाहार: भाजी, डाळ, धान्य यांत बी-१२ नसतं, तुम्हाला ते फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळतं. दुसरं, ११ वर्षांचं मेटफॉर्मिन, जे आतड्यातलं बी-१२ चं शोषण कमी करतं. तिसरं, रोजचं पॅन्टोप्राझोल: अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं बी-१२ सुटायला आम्ल लागतं, आणि तेच ही गोळी कमी करते. चौथं वय, कारण साठीनंतर जठरातलं आम्ल आपणहून घटतं. यकृतात बी-१२ चा काही वर्षांचा साठा असतो, म्हणून तूट लगेच दिसत नाही. दिसते ती मुंग्या, अंधारात तोल जाणं, जीभ गुळगुळीत होऊन झोंबणं, विसरभोळेपणा अशा रूपात. आपल्याकडे ही तूट नवी नाही. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या मातांचा आणि मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यातही बी-१२ ची कमतरता ठळकपणे दिसली.

नसांची गोळी सुरू करायच्या आधी रक्त द्या. हा क्रम चुकवू नका. एकदा गोळ्या पोटात गेल्या की रक्तातला आकडा वर चढतो आणि मुळात काय होतं ते कळायची सोय राहत नाही. तुमच्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये थोडं बी-१२ आहेच, ते डॉक्टरांना सांगा. बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर तूट नक्की. २०० ते ३०० च्या मधे आलं तर होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलॉनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे पदार्थ) तपासून खात्री करतात.

कट्ट्यावरची गोळी नेमकी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून पट्टीची मागची बाजू कशी वाचायची ते सांगतो. मिथिलकोबालामिन म्हणजे बी-१२, ते हवंच आहे. पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६. याची रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास आहे. मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतलं तर ते स्वतःच नसांना इजा करतं आणि पायांना मुंग्याच येतात, म्हणजे ज्या त्रासासाठी गोळी घ्यायची तोच वाढायचा. मल्टीव्हिटॅमिनमध्येही बी-६ असतं, तेव्हा बेरीज इथेही करा. काही पट्ट्यांत प्रीगॅबॅलिन, म्हणजे नसांच्या वेदनेवरचं औषध, मिसळलेलं असतं. त्याने गुंगी येते, तोल जातो, आणि रात्री बाथरूमला उठताना माणूस पडतो. ते डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायचंच नाही. उरलं फोलिक ॲसिड. बी-१२ न भरता एकटं फोलिक ॲसिड दिलं, तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

तूट निघाली आणि मुंग्या असतील, तर डॉक्टर बहुधा इंजेक्शनांनी सुरुवात करतील आणि पुढे रोज १,००० ते १,५०० मायक्रोग्रॅमची गोळी देतील. गरज दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमची असताना हजाराची गोळी कशाला, असं वाटेल. पोटाची नेहमीची वाट बंद असली तरी तोंडाने घेतलेल्यापैकी साधारण एक टक्का आपोआप झिरपून रक्तात जातं. हजाराचा एक टक्का म्हणजे दहा. तेवढे पुरतात. दुधावर भागवायचं म्हटलं तर २०० मिलिलिटरच्या पेल्यात जेमतेम ०.९ मायक्रोग्रॅम असतं, आणि तेच दूध दिवसातून तीन-चारदा उकळलं की तेही घटतं. मेटफॉर्मिन किंवा पॅन्टोप्राझोल मात्र मनाने बंद करू नका. पॅन्टोप्राझोल एकदम सोडली की आम्ल उसळून येतं. ती अजून लागते का, हा प्रश्न लिहून घेऊन डॉक्टरांना जरूर विचारा. मुंग्या मधुमेहामुळेही असू शकतात, म्हणून त्याच भेटीत तळपायाची स्पर्शाची तपासणी करून घ्या.

ई ४०० ची बाटली बंद करा, आणि मुलालाही सांगा. सुमारे ३५,००० पुरुषांवर झालेल्या सिलेक्ट नावाच्या चाचणीत रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. हा निष्कर्ष २०११ चा आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ईने रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. मल्टीव्हिटॅमिनवर किंवा वहिनी केसांसाठी गोळी घेत असतील तर तिच्यावर बायोटिन (बी गटातलंच एक व्हिटॅमिन) लिहिलंय का तेही बघा. पाच-दहा मिलिग्रॅमच्या मात्रेत ते थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे खोटे आणतं. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते बंद हवं.

अमेरिकेच्या बाटलीवर सगळ्यात वर ‘सर्व्हिंग साइझ’ लिहिलेलं असतं. तिथे दोन गोळ्या असं असेल, तर खालचे सगळे आकडे दोन गोळ्यांचे आहेत. डी मायक्रोग्रॅममध्ये दिलं असेल तर ४० ने गुणा, युनिट मिळतील: १२५ मायक्रोग्रॅम म्हणजे ५,०००. आपल्याकडच्या पूरक गोळ्यांवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. तूट भरून काढायला अशा डब्यावर विसंबू नका. शाकाहार काटेकोर पाळत असाल तर एवढं माहीत असू द्या, की बहुतेक डी३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात आणि मऊ कॅप्सूलचं आवरण सहसा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यापासून केलेलं असतं. हिरवा ठिपका पाहून घ्या. बाटल्या ओट्यावर गॅसशेजारी ठेवू नका. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की गोळ्या दमट होऊन एकमेकींना चिकटतात.

टेकडीवर रोज जाऊनही डी कमी कसं, असं मनात येत असेल. सहा ते सातच्या कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. साधी खूण अशी: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ते ऊन कामाचं. पुण्यात मे महिन्यात हे साडेनऊच्या सुमारासच होतं, डिसेंबरात मात्र साडेअकरा ते दीडच. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताचं असल्याने इथे सूर्य माथ्यावर येतो तोच साडेबाराच्या आसपास. आठवड्यातून तीन-चार दिवस गच्चीवर हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून १५ ते २० मिनिटं पुरेत, उन्हाळ्यात त्याहून कमी आणि डोक्यावर टोपी. काच लावलेल्या बाल्कनीत बसून उपयोग नाही, ते किरण काचेतून येत नाहीत. उतारवयात कातडी डी कमी बनवते हेही खरं, म्हणून गोळीची गरज अगदी संपेलच असं नाही. पण निरोगी माणसाने जास्तीचं डी घेऊन मोठा फायदा होतो असंही दिसलेलं नाही. जवळजवळ २६,००० जणांना रोज २,००० युनिट किंवा नुसती साखरेची गोळी देऊन वर्षानुवर्षं पाहिलं, तेव्हा कर्करोग आणि हृदयविकार दोन्हीकडे सारखेच निघाले (२०१८), हाडं मोडण्याचं प्रमाणही (२०२२).

तुमच्या दिवसात खरी कमी दिसते ती प्रथिनांची. ६५ किलोंना ६५ ते ७५ ग्रॅम हवीत, आणि पोहे-चहाच्या नाश्त्यात जेमतेम सात-आठ येतात. पोहे सोडायची गरज नाही. त्यात मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाणे घाला, सहा ग्रॅम वाढले. बरोबर वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ घ्या, आणखी सात. दुपारी घट्ट वरण आणि वाटीभर दही, रात्री ५० ग्रॅम पनीर किंवा मुगाचं धिरडं. मूत्रपिंड ठीक आहे ना, हे क्रिॲटिनिनच्या आकड्यावरून आधी पाहा. कॅल्शियमही ताटातूनच बरंचसं मिळतं: एक पेला दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम, ५० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीत १७० च्या आसपास, दोन चमचे न सडलेल्या तिळाच्या चटणीत शंभराच्या वर. गरज दिवसाला हजाराची.

टेकडी चांगलीच आहे, तिच्या जोडीला मांड्यांसाठी काहीतरी हवं. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, दहा वेळा, मधे थांबून पुन्हा दहा. मग ओट्याला बोट टेकवून टाचा उचलणं, आणि एका पायावर दहा सेकंद. आठवड्यातून तीन दिवस एवढं करा.

रात्रीच्या झोपेची चोरी दुपारी होते आहे. गजर लावून दोनला उठा आणि चारनंतर चहा नको. पहिला आठवडा जड जाईल.

वहिनींबद्दल. त्यांनी तुमच्या बाटलीतली गोळी घेणं आजपासून बंद करावं. पन्नाशीपुढच्या पुरुषांची मल्टीव्हिटॅमिन त्यांच्यासाठी बनवलेली नाही, आणि डी ५००० त्यांनाही जास्तच होतं. त्यांनी पावडरही घेतली असेल तर डी, कॅल्शियम, क्रिॲटिनिन या तीन तपासण्या त्यांच्याही करा. शाकाहारी असल्याने बी-१२ तर करायचंच. घरात दोन कागद करा, एक तुमचा, एक त्यांचा: गोळीचं नाव, मात्रा, वेळ, कधीपासून आणि कुणी सांगितली. पुढच्या भेटीला हे कागद आणि सगळ्या बाटल्या-पट्ट्या पिशवीत घालून न्या, रविवारच्या पावडरचं रिकामं पाकीटसुद्धा.